ड्रॉहेडाचा मनोरा

लंडनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या प्राचीन सभागृहाबाहेर १८९९ साली उभारलेला एक पुतळा आहे. ब्राँझमध्ये घडविलेल्या त्या पुरुषाच्या एका हातात तलवार आहे आणि दुसऱ्या हातात बायबल. हा ऑलिव्हर क्रॉमवेल. इंग्लंडमधील पुष्कळ लोक त्याला निरंकुश राजसत्तेला लगाम घालणारा लोकनायक मानतात. समुद्र ओलांडून आयर्लंडमध्ये जावे, तर तेथे त्याच माणसाचे नाव घेऊन शाप दिला जातो. हा पुतळा सरकारी खर्चाने उभारण्याचा विचार १८९५ साली पार्लमेंटपुढे आला, तेव्हा आयरिश सभासदांनी त्यास कडाडून विरोध केला आणि तो हाणून पाडला. अखेर पैसा खाजगी झोळीतून आला. अडीचशे वर्षे लोटली होती, तरी जखम ओली होती.

त्या पुतळ्याचे छायाचित्र पाहताना तलवारीचे आम्हांला फारसे आश्चर्य वाटत नाही. तलवारी जगात पुष्कळ झाल्या. आमची नजर खिळते ती दुसऱ्या हातातील ग्रंथावर. तो ग्रंथ आमच्याही वेदीवर आहे. तो रोज पहाटे उघडून आम्ही प्रार्थना करतो, तसाच तोही करीत असे. कदाचित आमच्याहून अधिक तळमळीने. मग त्या प्रार्थनेतून आयर्लंडच्या वाट्याला जे आले ते कसे आले? हा प्रश्न गेली कित्येक वर्षे आमच्या मनात घर करून राहिला आहे.

आयर्लंड आम्हांला तसे अगदीच परके नाही. पुण्यात शिकत असताना संत पॅट्रिक कॅथेड्रलात आम्ही पुष्कळदा मिस्सेला जात असू. १९व्या शतकाच्या मध्यास छावणीतील आयरिश कॅथलिक सैनिकांसाठी ते मंदिर उभे राहिले. ज्या सत्तेने त्यांच्या पूर्वजांना देशोधडीला लावले, त्याच सत्तेचा गणवेश अंगावर चढवून ही दरिद्री कुळांतली पोरे दख्खनच्या उन्हात आली आणि आपल्या संताचे नाव येथे ठेवून गेली. इतिहासाची चाल अशी वाकडी असते.

कथेचा आरंभ थोडा मागे जाऊन केला पाहिजे. १६व्या शतकात इंग्लंडचे राजे रोमपासून तुटले, पण आयर्लंडची बहुसंख्य प्रजा कॅथलिकच राहिली. १७व्या शतकाच्या आरंभी उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील जमिनी काढून घेऊन त्या इंग्रज आणि स्कॉटिश प्रोटेस्टंट वसाहतवाल्यांना देण्यात आल्या. तो संताप साठत गेला आणि ऑक्टोबर १६४१ मध्ये त्याचा भडका उडाला. अल्स्टरमधील कॅथलिकांनी उठाव केला. वसाहतवाल्यांची घरे लुटली गेली, ऐन थंडीत बायकापोरांना उघड्यावर हाकलून देण्यात आले, काही हजार माणसे प्राणांस मुकली. पोर्टाडाउन येथे सुमारे शंभर प्रोटेस्टंट स्त्रीपुरुषांना आणि मुलांना बॅन नदीच्या पुलावरून पाण्यात ढकलून मारण्यात आले. आमच्या वाचकांनी हे विसरू नये. ड्रॉहेडाच्या आधी पोर्टाडाउन आहे.

इंग्लंडमध्ये या बातम्या पोहोचता पोहोचता मृतांचे आकडे लाखांच्या घरात गेले. छापखान्यांनी चित्रे छापली, व्यासपीठांवरून प्रवचने झाली. प्रत्येक आयरिश कॅथलिक माणसाचे हात निष्पापांच्या रक्ताने माखलेले आहेत, अशी सामान्य इंग्रज माणसाची खात्री पटली. त्यात व्यवहारही मिसळला. उठाव मोडण्यासाठी पैसा हवा होता. १६४२ साली पार्लमेंटने कायदा करून कर्ज देणाऱ्यांना आयर्लंडमधील २५ लाख एकर जमीन तारण म्हणून देऊ केली. जी जमीन अजून जिंकायची होती, ती आधीच विकली गेली! धर्माचा आवेश आणि सावकाराची वही ही दोन्ही एकाच गलबतात बसली, की ते गलबत परत फिरविणे कोणाच्याही हाती राहत नाही.

मधली काही वर्षे इंग्लंडमधील यादवीत गेली. ३० जानेवारी १६४९ रोजी राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. त्याच महिन्यात आयरिश कॅथलिकांच्या संघाने राजपक्षाशी तह केला होता. पार्लमेंटच्या दृष्टीने आता कॅथलिक आणि राजनिष्ठ हे दोन शत्रू एक झाले. १५ ऑगस्ट १६४९ रोजी क्रॉमवेल डब्लिनजवळ उतरला. त्याच्या मोहिमेत सुमारे १२,००० सैनिक आणि मोठा तोफखाना होता.

तो लुटारू नव्हता, हे येथेच सांगितले पाहिजे. डब्लिनमध्ये येताच त्याने जाहीरनामा काढला की, शस्त्र न उचललेल्या रयतेस कोणी त्रास देऊ नये, जे घ्याल त्याचे दाम द्या. कोंबड्या चोरल्याबद्दल त्याने आपल्याच दोन शिपायांना फासावर चढविले असे सांगतात. अशा शिस्तीच्या आणि देवभीरू माणसाने पुढे जे केले, ते म्हणूनच आम्हांला अधिक भयंकर वाटते.

डब्लिनच्या उत्तरेस बॉइन नदीच्या दोन्ही तीरांवर ड्रॉहेडा हे तटबंदीचे शहर वसले आहे. तेथील किल्लेदार सर आर्थर ॲस्टन हा इंग्रज कॅथलिक होता. त्याचा एक पाय लाकडी होता. त्याच्या हाताखाली सुमारे अडीच ते तीन हजार शिबंदी होती, आणि तिच्यात आयरिश कॅथलिकांबरोबर इंग्रज राजनिष्ठही होते. शहर स्वाधीन करण्याचा निरोप ॲस्टनने फेटाळला. ११ सप्टेंबर १६४९ रोजी तोफांनी तटाला खिंडार पाडले. पहिले हल्ले परतविले गेले. मग क्रॉमवेल स्वतः पुढे झाला आणि सैन्य आत घुसले. शहरात ज्यांच्या हाती शस्त्र आहे त्यांपैकी कोणालाही जिवंत सोडू नये, असा हुकूम त्याने दिला. ॲस्टनला त्याच्याच लाकडी पायाने ठेचून मारले, कारण त्या पायात सोने दडविलेले आहे असा शिपायांचा समज होता. सुमारे शंभर माणसे संत पीटरच्या मंदिराच्या मनोऱ्यात आश्रयास गेली होती. मंदिरातील बाके मनोऱ्याखाली रचून आग लावण्यात आली. आत जळणाऱ्यांपैकी एकाचा आक्रोश क्रॉमवेलने स्वतःच आपल्या पत्रात नोंदविला आहे. सापडलेल्या संन्याशांपैकी दोघांखेरीज सर्वांची डोकी फोडली गेली, आणि त्या दोघांनाही मागाहून टिपण्यात आले. शरण आलेल्यांपैकी काहींना बार्बाडोस बेटावर मजुरीस धाडले. शस्त्र न उचललेले नागरिक किती मेले, यावर इतिहासकारांचा वाद आजही मिटलेला नाही.

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकविणारे आमचे एक वृद्ध प्राध्यापक होते. एके दिवशी त्यांनी वर्गात एका पत्राचा आशय सांगितला. लिहिणाऱ्याचे नाव, गावाचे नाव, शत्रूचे नाव, सारे गाळून. पत्रलेखक म्हणतो : हा जो संहार झाला तो रानटी लोकांवरील देवाचा न्याय्य दंड होय, यांचे हात निष्पापांच्या रक्ताने बरबटले होते, यामुळे पुढील रक्तपात टळेल, आणि या यशाचे सारे श्रेय माणसांना नसून एकट्या देवाला आहे. “हे कोणी लिहिले असेल?” प्राध्यापकांनी विचारले. कोणी म्हणाले, जुन्या करारातील एखादा राजा. कोणी म्हणाले, जेरूसलेम जिंकणारा क्रूसयोद्धा. आम्हांलाही तो क्रूसयोद्धाच वाटला. प्राध्यापकांनी फळ्यावर नाव लिहिले : क्रॉमवेल, सप्टेंबर १६४९. मग चष्मा पुसत ते शांतपणे म्हणाले, “तुम्हांला तो आपल्यातला वाटला, हे ध्यानात ठेवा.”

त्याच पत्रातील आणखी एक मजकूर आम्ही पुढे स्वतः वाचला, आणि तो विसरता येत नाही. क्रॉमवेल लिहितो की, हल्ल्यापूर्वीच्या रविवारी कॅथलिकांनी प्रोटेस्टंटांना संत पीटरच्या मंदिरातून बाहेर काढून तेथे उघडपणे मिस्सा साजरी केली. आणि त्याच जागी आश्रयास धावलेल्या सुमारे एक हजार जणांची कत्तल झाली. त्याला यात ईश्वरी योजनेचा हात दिसतो. जेथे अपराध तेथेच दंड! त्याच्या दृष्टीने हिशेब पूर्ण झाला.

बंधुभगिनींनो, संत लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय तुम्ही उपवासकाळात ऐकला असेल. काही लोक येशूकडे बातमी घेऊन येतात की, गालीलातील काही माणसे यज्ञ अर्पीत असता पिलाताने त्यांना ठार केले, त्यांचे रक्त यज्ञाच्या रक्तात मिसळले. येशू त्यांना उलट विचारतो, ही माणसे इतर गालीलकरांहून अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय? आणि शिलोहाचा बुरूज कोसळून जे अठरा जण चिरडले, ते काय जेरूसलेममध्ये सर्वांत अधिक दोषी होते? नाही, असे प्रभू स्पष्ट सांगतो. उपासनेच्या जागी सांडलेले रक्त आणि पडलेला बुरूज, दोन्ही दाखले त्याने स्वतःच दिले आणि दोन्हींतून देवाचा निवाडा वाचण्यास मनाई केली. क्रॉमवेलच्या हाती बायबल होते. तो अध्याय त्याने शेकडो वेळा वाचला असणार. तरीही ड्रॉहेडाचा मनोरा जळताना त्याला शिलोहाचा बुरूज आठवला नाही.

पुढील मोहीम थोडक्यात सांगतो. ११ ऑक्टोबर रोजी वेक्सफर्ड पडले. तेथे शरणागतीची बोलणी चालू असतानाच सैन्य आत शिरले आणि सुमारे दोन हजार माणसे मारली गेली. त्यांत नागरिक होते, धर्मगुरू होते. त्यानंतर न्यू रॉसच्या किल्लेदाराने शरण येताना विवेकस्वातंत्र्याची मागणी केली. क्रॉमवेलने दिलेले उत्तर असे होते की, मी कोणाच्या विवेकात ढवळाढवळ करीत नाही. पण विवेकस्वातंत्र्य म्हणजे मिस्सा करण्याचे स्वातंत्र्य असे तुम्हांला म्हणावयाचे असेल, तर जेथे इंग्लंडच्या पार्लमेंटची सत्ता आहे तेथे ते मिळणार नाही. मनात काय हवे ते माना, वेदीवर मात्र काही ठेवू नका! ज्यांचा धर्मच वेदीभोवती जगतो त्यांना ही सवलत काय कामाची?

मे १६५० मध्ये क्लॉनमेलच्या तटाशी ह्यू ड्युब ओनीलने त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक कापून काढले आणि दारूगोळा संपताच रातोरात शिबंदी बाहेर काढली. सकाळी हातात रिकामे शहर आले तेव्हा क्रॉमवेल संतापला. पण नगराध्यक्षाला दिलेले वचन त्याने मोडले नाही, शहर सुरक्षित राहिले. त्याच महिन्यात तो इंग्लंडला परतला. त्याचा जावई हेन्री आयर्टन याने ऑक्टोबर १६५१ मध्ये लिमरिक घेतले आणि तेथे एम्लीचे बिशप टेरेन्स अल्बर्ट ओब्रायन यांना फासावर चढविले. महिनाभराच्या आत आयर्टन तापाने दगावला. ‘पाहा, देवाने न्याय केला,’ असे तेव्हा कॅथलिक म्हणाले. क्रॉमवेलने ड्रॉहेडात लावलेला चष्माच आपल्या माणसांनी लिमरिकमध्ये डोळ्यांवर चढविला!

लढाई संपली, पण मोहिमेचा खरा अर्थ त्यानंतर कळला. १६५२ च्या कायद्याने कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी जप्त झाल्या आणि त्यांना शॅनन नदीपलीकडील खडकाळ कॉनॉट प्रांतात जाण्याचा हुकूम झाला. १६४१ साली आयर्लंडमधील सुमारे ६० टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. १६८८ पर्यंत ती २२ टक्क्यांवर आली आणि १७०३ पर्यंत १४ टक्क्यांवर. डॉ. विल्यम पेटी याने या जप्त जमिनींची मोजणी केली. त्याच्याच हिशेबाने १६४१ साली देशात १४ लाख ६६ हजार माणसे होती आणि १६५२ साली साडेआठ लाख उरली. आजचे अभ्यासक हे आकडे फुगलेले मानतात; तरीही तलवार, प्लेग आणि दुष्काळ यांनी मिळून लोकसंख्येचा पाचवा हिस्सा तरी नेला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम जानेवारी १६५३ मध्ये निघाला. मागे राहील तो राजद्रोही. लांडग्याच्या डोक्यास जसे इनाम होते तसे धर्मगुरूच्या डोक्यासही लागले. १६५७ साली एका सभासदाने पार्लमेंटमध्ये सांगितले की, आयर्लंडमध्ये आम्हांला तीन श्वापदे मारावयाची आहेत : लांडगा, धर्मगुरू आणि टोरी. टोरी म्हणजे रानावनात लपून लढणारा आयरिश बंडखोर. हाच शब्द पुढे इंग्लंडच्या एका प्रतिष्ठित राजकीय पक्षाचे टोपणनाव झाला! पकडलेल्या कित्येक धर्मगुरूंना इनिशबॉफिन नावाच्या वाऱ्यापावसाने झोडपलेल्या बेटावर कोंडले. जे उरले ते रानात गेले. डोंगरकपारीतील एखादा सपाट खडक वेदी झाला. टेकडीवर पोरे पहाऱ्याला बसली आणि भिजलेल्या गवतावर गुडघे टेकून लोकांनी ख्रिस्तशरीर स्वीकारले. ‘मिस्सेचे खडक’ म्हणून ती ठिकाणे आजही दाखविली जातात. रविवारी पाऊस आहे म्हणून घरी राहणाऱ्या आमच्या धर्मग्रामस्थांना या खडकांची गोष्ट आम्ही अधूनमधून सांगत असतो.

विजय हा देवाचा कौल मानणाऱ्यांना इतिहासाने एक विलक्षण उत्तर देऊन ठेवले आहे. क्रॉमवेल १६५८ साली वारला आणि राजेशाही इतमामाने पुरला गेला. राजसत्ता परत आली, आणि ३० जानेवारी १६६१ रोजी त्याचे प्रेत उकरून लंडनच्या टायबर्न येथे फाशी देण्यात आले, मस्तक खांबावर टांगले गेले. त्याच टायबर्नवर २० वर्षांनी, १ जुलै १६८१ रोजी, अर्माचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांना खोट्या साक्षीवरून मृत्युदंड झाला. दोघांचेही नाव ऑलिव्हर! एकाचे मस्तक कित्येक हात फिरून १९६० साली केंब्रिजमधील त्याच्या जुन्या महाविद्यालयात पुरले गेले. दुसऱ्याचे मस्तक आज ड्रॉहेडा येथील संत पीटरच्या कॅथलिक मंदिरात काचेच्या पेटीत आहे. (जळालेला मनोरा या मंदिराचा नव्हे, नाव मात्र तेच.) १६४९ चा विजय हा जर देवाचा निवाडा, तर १६६१ ची विटंबना कोणाचा निवाडा? आणि १६८१ चा वध?

आमच्या धर्मग्रामातील एक कन्या परिचारिका म्हणून ड्रॉहेडात नोकरीस आहे. गेल्या वर्षी रजेवर आली असता ती आम्हांला भेटावयास आली. म्हणाली, “फादर, आम्ही दर रविवारी त्याच चर्चमध्ये मिस्सेला जातो. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो ते डोके बघतो आणि विचारतो, हे कोणी केलं? मी काय सांगू त्याला? इंग्रजांनी केलं म्हणावं, तर त्याच्या वर्गात इंग्रज मुलं आहेत. प्रोटेस्टंटांनी म्हणावं, तर शेजारची आजी प्रोटेस्टंट आहे, तीच त्याला शाळेतून आणते.”

आम्ही तिला म्हटले, “बाळ, त्याला सारे सांग. लपवू नकोस. आर्चबिशपांची गोष्ट सांग, जळालेल्या मनोऱ्याची सांग. पण त्याच बैठकीत पोर्टाडाउनच्या पुलाचीही सांग. एक सांगून दुसरी गाळलीस, तर त्याच्या हाती गोष्ट न देता दगड दिल्यासारखे होईल.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तेवढा मोठा झाला की सांगीन, फादर.” आम्हांला ते उत्तर शहाणपणाचे वाटले.

या कामी आयर्लंडनेच वाट दाखविली आहे. १६४१ च्या उठावात होरपळलेल्या प्रोटेस्टंटांच्या सुमारे ८,००० जबान्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ३१ खंडांत जपून ठेवलेल्या आहेत. शतकानुशतके एका बाजूने त्यांचा शस्त्रासारखा वापर केला आणि दुसऱ्या बाजूने त्या साऱ्याच खोट्या ठरविल्या. २०१० साली त्या सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या. त्या समारंभास आयर्लंडच्या कॅथलिक राष्ट्राध्यक्षा मेरी मॅकअलीस आणि अल्स्टरचे कट्टर प्रोटेस्टंट पुढारी इयन पेस्ली हे दोघे उपस्थित होते. त्याआधी २९ सप्टेंबर १९७९ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ड्रॉहेडातच लाखो लोकांसमोर, हिंसेचा मार्ग सोडा अशी कळवळून विनवणी केली होती. त्यांनी ती क्रॉमवेलच्या वंशजांना केली नव्हती. आपल्याच नावाने बंदूक उचलणाऱ्या कॅथलिक तरुणांनाही केली होती.

हुतात्म्यांचा मान राखावयाचा तर हुतात्मे स्वतः काय म्हणाले ते पाहिले पाहिजे. विल्यम टिरी हे ऑगस्टिनियन संन्यासी. १६५४ च्या पवित्र शनिवारी फेदर्ड गावी मिस्सेची वस्त्रे अंगावर चढविलेली असताना ते पकडले गेले. पाच पौंडांच्या इनामासाठी तिघांनी त्यांचा ठावठिकाणा सांगितला होता. न्यायालयात ते म्हणाले की, ऐहिक बाबींत सरकारची आज्ञा मानीन, आत्मिक बाबींत पोपची आणि आपल्या वरिष्ठांची. २ मे रोजी क्लॉनमेलच्या बाजारात त्यांना फाशी झाली. फासाखाली उभे राहून त्यांनी जमलेल्या लोकांना आशीर्वाद दिला आणि त्या तिघांना सर्वांसमक्ष क्षमा केली. मिस्सेसाठी प्राण देणाऱ्या त्या माणसाने मिस्सेचा अर्थ त्या बाजारात पूर्ण केला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली ज्या १७ आयरिश रक्तसाक्षींना धन्य घोषित केले, त्यांत विल्यम टिरी आहेत आणि एम्लीचे बिशप ओब्रायनही आहेत.

नोव्हेंबर हा मृतांचा महिना. त्या महिन्यात एका सायंकाळी आम्ही आमच्या धर्मग्रामात जगातील धर्मयुद्धांत मेलेल्यांसाठी मिस्सा अर्पण करतो. वेदीशेजारी एका तबकात मेणबत्त्या असतात. एक मेणबत्ती ड्रॉहेडाच्या मनोऱ्यात जळालेल्यांसाठी. एक बॅन नदीत बुडविलेल्या प्रोटेस्टंट बायकापोरांसाठी. पहिल्या वर्षी एका वृद्ध धर्मग्रामस्थाने हळूच विचारले, “फादर, ती दुसरी आपली आहेत का?” आम्ही त्यांच्याच हाती काडीपेटी दिली.